फाइल आपली की प्रोग्रामची? मुक्त सॉफ्टवेअर घरचे फॉरमॅट सोडून सामायिक स्टँडर्डकडे का वळतं

लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप केलं आणि वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला गेलात, की एक चौकट उघडते. आहे तोच फॉरमॅट ठेवायचा की ओडीएफ, म्हणजे ऑफिसच्या फाइलींचा खुला फॉरमॅट, वापरायचा, असं ती विचारते. बहुतेक जण हाताला लागेल ते बटण दाबतात आणि पुढच्या कामाला लागतात. कधी एखादं मोफत सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि पडद्यावर येतं, ‘तुमचा डेटा नव्या फॉरमॅटमध्ये बदलत आहोत’. चाललं होतं ते चांगलं होतं, मग हे मध्येच काय काढलं? जुन्या फाइली उघडतील ना? हे प्रश्न अगदी रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं समजायला संगणकशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

फॉरमॅट म्हणजे लिहिण्याचा ठराव

कुठली गोष्ट कुठे आणि कशी लिहायची, याचा ठराव म्हणजे फॉरमॅट. ०३/०४/२०२५ ही तारीख दादरच्या माणसासाठी ३ एप्रिल आहे आणि अमेरिकेतल्या माणसासाठी ४ मार्च. आकडे तेच, ठराव वेगळा. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगतं की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा: २०२५-०४-०३. वाद मिटतो. शिवाय फाइलींच्या नावांत तारीख अशी लिहिली, की नावाने लावलेली यादी आपोआप तारखेनेही लागते.

एखाद्या सॉफ्टवेअरने फक्त स्वतःपुरता केलेला ठराव, त्याला इथे घरचा फॉरमॅट म्हणू. अनेकांनी मिळून ठरवलेला, लिहून ठेवलेला आणि कुणालाही वापरता येणारा ठराव म्हणजे सामायिक स्टँडर्ड. आणि मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. या तीन शब्दांवर पुढचा सगळा लेख चालेल.

स्वयंपाकघरातले डबे आठवा. आजीच्या डब्यांवर लेबल नसतं. रवा कुठे, वरीचे तांदूळ कुठे, हे तिला हातानेच कळतं आणि तिचं काम सगळ्यांत वेगाने होतं. अडचण येते ती आजी गावाला गेल्यावर. मग घरातला दुसरा माणूस एकेक डबा उघडून हुंगत बसतो. घरच्या फॉरमॅटचं नेमकं असंच आहे. ज्याने तो बनवला त्याला तो सोपा, आणि तो नसेल तेव्हा बाकीच्यांना कोडं.

मग प्रकल्प घरचे फॉरमॅट बनवतात तरी का?

मूर्खपणाने नाही. अनेकदा त्या वेळी स्टँडर्डच नसतं. असलं तरी चार जणांचा प्रकल्प दोन आठवड्यांत काहीतरी चालवून दाखवायच्या घाईत असतो, आणि शंभर पानांचा दस्तऐवज वाचण्यापेक्षा आपल्या सोयीने फाइल लिहिणं सोपं पडतं. पहिल्या दिवशी हे फुकट वाटतं. बिल नंतर येतं.

फायरफॉक्सचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ब्राउझिंगचा इतिहास ‘मॉर्क’ नावाच्या घरच्या फॉरमॅटमध्ये साठवला जाई. दिसायला ही साधी मजकुराची फाइल होती, पण वाचायला महाकठीण. पानाचं शीर्षक लिहिताना प्रत्येक इंग्रजी अक्षराबरोबर शून्याचा एक जादा संकेत लिहिला जाई. तो अक्षराच्या आधी येणार की नंतर, हे फाइल कुठल्या प्रकारच्या प्रोसेसरवर लिहिली त्यावर अवलंबून असे. म्हणजे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर नेली, की वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं तेव्हा इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेस फाइलमध्ये गेले. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामच्या पत्त्यांच्या वहीत मात्र मॉर्क २०२० पर्यंत टिकून राहिला. एकदा रुजलेला घरचा फॉरमॅट उपटायला किती वर्षं लागतात, ते यावरून दिसतं.

एसक्यूलाइटवर कुठल्या प्रमाण संस्थेचा शिक्का नाही. पण त्याच्या फाइलची रचना बाइट न बाइट लिहून जाहीर केलेली आहे आणि २०५० पर्यंत ती सांभाळण्याचा इरादा त्याच्या कर्त्यांनी उघडपणे सांगितला आहे. माझ्या मते शिक्क्यापेक्षा या दोन गोष्टी मोलाच्या.

मराठीने हे आधीच भोगलं आहे

हा विषय परका वाटत असेल, तर जुन्या मराठी फाँटमधली एखादी फाइल उघडून बघा. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटांनी मराठी छपाई आणि डीटीपी वर्षानुवर्षं चालवली. त्या काळी त्यांनी केलेलं काम मोठं आहे. पण त्यांची पद्धत अशी होती: फाइलमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्या जागी चित्रं दाखवायची देवनागरीची.

कृतिदेवमध्ये जे, के, ई या तीन इंग्रजी कळा ओळीने दाबल्या की पडद्यावर ‘राम’ उमटतं. जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. संगणकाच्या लेखी मात्र तिथे राम नसतोच, जे-के-ई असतं. फाँट काढून टाकला की तीच इंग्रजी अक्षरं उरतात, आणि दुसरा फाँट लावला तर भलताच शब्द दिसतो. बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा ठेवावा तसं हे आहे: घरच्यांना ठाऊक असतं, पाहुणा बिस्किटं समजून झाकण उघडतो. अशा फाइलीत शोध चालत नाही, शब्द अकारविल्हे लागत नाहीत, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अंध वाचकाला ‘राम’ ऐवजी इंग्रजी अक्षरं ऐकवतं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारं स्टँडर्ड. त्याने हा घोळ मुळापासून सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. ‘क’ चा क्रमांक जगातल्या सगळ्या यंत्रांवर एकच, फाँट कुठलाही असो. मराठीचं सगळं पहिल्या दिवसापासून नीट होतं असं नाही. ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ मधल्या ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत. पण ती एकदा मिळाली आणि सगळ्यांना मिळाली, प्रत्येक फाँटवाल्याने आपापली सोय करायची वेळ आली नाही. केंद्र सरकारनेही २००९ मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी भारतीय भाषांचं साठवण-प्रमाण म्हणून युनिकोडच ठरवलं.

“कोड उघडा आहे ना? मग फॉरमॅट कुठलाही असला तरी काय बिघडलं?”

हा आक्षेप जाणकारही घेतात. कोड वाचा आणि फाइल समजून घ्या, इतकं सोपं ते असावं असं वाटतं.

पण कोड सांगतो तो आजचा प्रोग्राम काय करतो ते. काय करायला हवं, ते सांगत नाही. फाइलमधल्या एखाद्या खान्यात कधीकधी शून्य येतं. ते मुद्दाम आहे की चूक आहे? कोडवरून दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्या प्रकल्पाने तीच फाइल वाचायची ठरवली, तर पहिल्याच्या चुकाही जशाच्या तशा उतरवाव्या लागतात, कारण त्या चुका आता लाखो फाइलींमध्ये बसलेल्या असतात. पहिला प्रकल्प बंद पडला की प्रश्न विचारायलाही कुणी उरत नाही. लिखित स्टँडर्ड असेल तर वादाच्या वेळी बोट ठेवायला ओळ असते: इथे असं लिहिलंय, म्हणून तुझी फाइल चूक.

याचं सगळ्यांत ठोस उदाहरण तुमच्याच यंत्रावर आहे. लिबरऑफिसची ओडीटी फाइल घ्या (ओडीएफमधल्या मजकुराच्या फाइलीच्या नावाचा शेवट ओडीटी असतो), तिची एक प्रत काढा, प्रतीच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. विंडोजमध्ये त्याआधी फाइलनावांचे शेवट दिसण्याची सोय चालू करावी लागते. आत ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा घालून लिहिलेली मजकुराची फाइल, सापडेल. ती नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या गर्दीत तुमचं इतिवृत्त देवनागरीत वाचता येतं. शैली वेगळ्या फाइलीत, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. उद्या लिबरऑफिस जगातून नाहीसं झालं, तरी एवढ्या साधनांनी मजकूर बाहेर काढता येईल.

हे ओडीएफ २००५ मध्ये ओएसिस या संस्थेचं आणि २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेचं प्रमाण झालं. त्याआधी ओपनऑफिसचा स्वतःचा वेगळा फॉरमॅट होता आणि केऑफिसचा वेगळा. दोघंही मुक्त प्रकल्प, दोघांचाही कोड उघडा, तरीही एकाचं पत्र दुसऱ्यात सरळ उघडत नव्हतं. दोघांनी आपापला फॉरमॅट मूळ म्हणून वापरणं सोडलं आणि ओडीएफ घेतलं, तेव्हा ती भिंत पडली.

स्टँडर्डमध्ये इतरांचं शहाणपण साठलेलं असतं

लोकलच्या वेळापत्रकाचं एखादं ॲप बनवायचंय असं धरा. घरच्या फॉरमॅटमध्ये तुम्ही प्रत्येक गाडीची सुटण्याची वेळ लिहिता. २३:५० ची गाडी, २३:५८ ची गाडी, सगळं सुरळीत. मग येते मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची गाडी. ती तुम्ही ००:१५ अशी लिहिता. आता शनिवारी रात्रीची ही गाडी शनिवारच्या वेळापत्रकातली की रविवारच्या? घड्याळ म्हणतं रविवार. रेल्वेचा दिवस अजून शनिवारचा आहे. ॲप गोंधळतं. माणूस फलाटावर उभा, आणि ॲप सांगतं की आज रविवार, ही गाडी नाही.

सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जीटीएफएस नावाचं खुलं स्टँडर्ड आहे. गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था यांच्या कामातून ते उभं राहिलं आणि आज जगभर वापरलं जातं. त्यात ही वेळ २४:१५:०० अशी लिहितात. १:१० ची गाडी असेल तर २५:१०:००. म्हणजे गाडी आदल्या सेवा-दिवसाचीच राहते आणि तरी क्रम बिघडत नाही. ही युक्ती एका बैठकीत सुचणारी नाही. कुणीतरी आधी ठेच खाल्ली आणि मागच्यांसाठी ते लिहून ठेवलं. शिवाय डेटा जीटीएफएसमध्ये असला, की ओपनट्रिपप्लॅनरसारखं मुक्त सॉफ्टवेअर तो थेट वाचून मार्ग काढून देतं, त्यासाठी एक ओळही नवीन लिहावी लागत नाही.

चालू गाडीचं चाक कसं बदलायचं: मुंबईने हे करून दाखवलंय

फॉरमॅट बदलण्यातली खरी भीती अशी: रोज हजारो लोक वापरत असताना बदल करायचा कसा? मुंबईकरांनी हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय, फक्त त्या वेळी त्याला फॉरमॅट म्हटलं नव्हतं.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळात तो योग्य निर्णय होता. पुढे देशाने रेल्वेसाठी २५,००० व्होल्ट एसी हे प्रमाण स्वीकारलं आणि मुंबई वेगळी पडली. कसारा घाट चढून गेलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे, कारण पुढच्या तारेत वेगळी वीज. व्होल्टेज जास्त असलं की तेवढ्याच शक्तीला कमी करंट पुरतो, उपकेंद्रंही कमी लागतात. बदलायचं कारण पक्कं होतं. पण लोकल बंद ठेवून बदल करणं अशक्य.

मग मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. आधी गाड्या दोन्ही वाचू लागल्या, मग टप्प्याटप्प्याने तारेतली वीज बदलली. पश्चिम मार्गावरचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गावरचं जून २०१५ मध्ये, हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. २५,००० व्होल्टच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागतं. जुने ब्रिटिशकालीन पूल त्यासाठी ठेंगणे होते. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला, त्यामागे ही उंचीची अडचण होती. वीज बदलायला निघालेल्यांना पूल पाडावा लागतो. सॉफ्टवेअरमध्येही फॉरमॅटला चिकटलेल्या अशा गोष्टी निघतात: कुणाची तरी बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्ट, कुणाचं एक्सेलमधलं जुनं मॅक्रो.

प्रत्यक्ष पायऱ्या

आधी जुना फॉरमॅट कागदावर उतरवायचा, आणि फक्त कोडवरून नाही तर खऱ्या फाइलींवरून. वापरणाऱ्यांकडून दोन-तीनशे फाइली मागवाव्यात, त्यातली नावं-पत्ते बदलून घेऊन. सगळ्यांत जुन्या आवृत्तीच्या, सगळ्यांत मोठ्या, अर्धवट तुटलेल्या आणि मराठी मजकुराच्या फाइली मुद्दाम गोळा कराव्यात. इंग्रजी फाइलींवर सगळं पास होतं आणि मराठीवर कोसळतं, हा नेहमीचा अनुभव.

मग तीन रकान्यांचा तक्ता: जुनं खानं, नव्या स्टँडर्डमधलं खानं, वाटेत काय हरवतं. तिसरा रकाना रिकामा ठेवायची घाई करू नये, कारण सगळी अवघड कामं तिथेच लपलेली असतात. संपर्क-यादीचं उदाहरण घ्या. गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या वर्गणीदार-यादीत पूर्ण नाव एकाच खान्यात आहे. संपर्कांचं स्टँडर्ड आहे व्हीकार्ड, आणि त्यात आडनाव, नाव, मधलं नाव अशी वेगळी जागा आहे. प्रोग्रामने मोकळ्या जागा बघून नाव तोडायचा प्रयत्न केला, तर ‘आडनाव आधी’ लिहिणाऱ्यांची नावं उलटी होतात आणि दुकानाच्या नावाने दिलेल्या वर्गणीचं तर विचारूच नका. व्हीकार्डमध्ये ‘दाखवायचं पूर्ण नाव’ असं एक सक्तीचं खानं आहे. सगळं नाव जसंच्या तसं त्यात टाकावं आणि तुकडे करायचं काम माणसावर सोडावं. डेटा बदलताना अंदाज करू नये. केलेला अंदाज नंतर खऱ्या माहितीपासून वेगळा ओळखता येत नाही.

त्यानंतर आवृत्त्यांचा क्रम, दुहेरी विजेच्या गाड्यांसारखा. पहिल्या आवृत्तीत प्रोग्राम जुनं-नवं दोन्ही वाचतो, लिहितो मात्र जुनंच. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच भांडणं सुरू होतात, कारण ऑफिसातल्या एका यंत्राने अपडेट घेतलेलं असतं, दुसऱ्याने नाही, आणि फाइल दोघं वापरतात. बहुतेकांकडे ही आवृत्ती पोहोचली की दुसरी काढायची, जी नवं लिहिते आणि जुनंही वाचते. बऱ्याच काळाने तिसरी, ज्यात जुनं वाचणारा भाग मुख्य प्रोग्राममधून काढून वेगळं छोटं साधन म्हणून ठेवायचा. तो पुसून टाकायचा नाही. दहा वर्षांनी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून जुनी फाइल निघतेच.

चाचणी फेरीची असावी: जुन्यातून नव्यात, नव्यातून परत जुन्यात, आणि मग मूळ फाइलशी तुलना. फरक निघाला तर तो तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात आधीपासून लिहिलेला असायला हवा. नसेल तर दोष आहे.

फाइल लिहिताना जुनीवरच नवी लिहू नये. आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल पूर्ण लिहायची, ती डिस्कवर नक्की उतरली याची खात्री करायची, मग नावं बदलायची. डिस्क मध्येच भरली किंवा वीज गेली तर जुनी फाइल तरी शाबूत राहते. आणि नव्या फाइलीत सुरुवातीलाच आवृत्तीचा क्रमांक हवा. तो नसलेला फॉरमॅट पुढच्या बदलाच्या वेळी पुन्हा अंदाजावर येतो.

हमखास बिघडणाऱ्या जागा

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने खानी वेगळी करणारी साधी फाइल, सगळ्यांना सोपी वाटते. भारतात तिचा पहिला घात लाखांचा स्वल्पविराम करतो. १,२५,००० हा आकडा अवतरणचिन्हांत न घालता लिहिला तर त्याची तीन खानी होतात: १, २५ आणि ०००. वर्गणी सव्वा लाखाची, हिशेबात एक रुपया. पत्त्यांतल्या स्वल्पविरामांचंही तेच. उपाय असा की रकमेत स्वल्पविराम लिहूच नये, तो दाखवताना घालावा, आणि मजकुराची खानी अवतरणांत ठेवावीत.

दुसरा घात लांब आकड्यांचा. जेसन हा मजकुराचा स्टँडर्ड फॉरमॅट ब्राउझरमध्ये सर्रास वाचला जातो, पण तिथे ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहण्याची खात्री नसते. एक्सेल तर १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. बँक खात्याचे क्रमांक याहून लांब असू शकतात आणि त्यांची सुरुवात शून्यानेही होते. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हेच, तो मजकूर म्हणून साठवावा. खातेक्रमांक, फोन, फ्लॅट नंबर, सगळं यात आलं.

तिसरी जागा खास आपली. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: स्वतंत्र एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे जोडून. दिसायला तंतोतंत सारखे. काही जण तोच आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही आणतात. मग यादीत शब्द डोळ्यांना दिसतो आणि शोधात सापडत नाही. पहिल्या दोन तऱ्हा एकच आहेत असं युनिकोड स्वतः सांगतं आणि त्या एकरूप करायचा नियम देतं, त्याला एनएफसी म्हणतात. फॉरमॅट बदलताना सगळा मजकूर त्या नियमातून एकदा काढावा. तिसरी तऱ्हा मात्र त्यात येत नाही, तिच्यासाठी वेगळी बदली लिहावी लागते. मराठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवलं, तर वापरणाऱ्यांचे कितीतरी तास वाचतील.

“आमची गरज स्टँडर्डमध्ये बसतच नाही”

कधीकधी खरंच बसत नाही. कॅलेंडरचं स्टँडर्ड, आयकॅलेंडर, ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ सहज सांगू शकतं. ‘दर संकष्टी’ सांगायला त्याच्या मूळ नियमांत जागा नाही, कारण ते इंग्रजी महिन्यांवर बेतलेलं आहे. २०१५ मध्ये इतर पंचांगांसाठी त्याला जोड देणारा दस्तऐवज आला, पण प्रत्येक प्रोग्राम तो पाळेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून अख्खं स्टँडर्ड टाकून द्यायचं का? नाही. पंचांगाच्या ॲपने वर्षभराच्या बारा-तेरा संकष्टींच्या तारखा आपणच काढून आयकॅलेंडरमध्ये एकेक करून लिहाव्यात. कुठल्याही फोनचं कॅलेंडर त्या दाखवेल. तिथीचा मूळ नियम स्टँडर्डने खास जोडांसाठी राखून ठेवलेल्या खान्यात लिहावा. ज्याला कळत नाही तो प्रोग्राम ते खानं ओलांडून पुढे जातो. चांगल्या स्टँडर्डमध्ये अशी मोकळी जागा ठेवलेली असते. फक्त आपल्या प्रोग्रामनेही दुसऱ्याची अनोळखी खानी जपून परत लिहायला हवीत. ती गाळून टाकणं हा दुसऱ्याच्या डेटावर अन्यायच आहे.

फाइल फुगते, ही तक्रार मात्र आता फारशी टिकत नाही. यूटीएफ-८ या युनिकोड लिहिण्याच्या पद्धतीत एक देवनागरी अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की पद्धतीत एकच घेत असे. पण ओडीटीसारख्या फाइली आतून झिप असतात आणि दाबल्यावर हा फरक बराच आटतो.

“स्टँडर्डं तरी किती! निवडायचं कुठलं?”

स्टँडर्ड हा शब्द लावला म्हणून कुठलीही गोष्ट चांगली होत नाही. मी तीन प्रश्न विचारेन. दस्तऐवज फुकट वाचता येतो का आणि वापरावर पेटंटचे पैसे आहेत का? एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोन गटांनी ते स्वतंत्रपणे बनवून चालवलंय का? फाइल बरोबर आहे की नाही हे तपासायचं साधन आहे का? दुसरा प्रश्न सगळ्यांत कडक आहे. एकाच कंपनीने बनवलेलं आणि एकाच प्रोग्रामने नीट वाचलेलं स्टँडर्ड हा बहुधा घरचाच फॉरमॅट असतो, फक्त बाइंडिंग केलेला.

पेटंटचा प्रश्न कागदी नाही. जीआयएफ चित्रांमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं, त्यावरून वाद झाला आणि त्यातूनच पीएनजी हा मुक्त फॉरमॅट जन्माला आला. भारत सरकारच्या २०१० च्या ई-गव्हर्नन्स ओपन स्टँडर्ड धोरणातही विनामूल्य वापराचा आग्रह आहे.

स्टँडर्ड नुसतं फाइलीपुरतंही नसतं. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्याच्या, हजारो फाइलींच्या माथ्यावर परवान्याचा मजकूर ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहिलेला असे. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीपासून तिथे एसपीडीएक्स नावाच्या स्टँडर्डची एक ओळ येऊ लागली, जी यंत्रालाही वाचता येते.

आणि जे प्रोग्रामच्या बाहेर कधी जातच नाही, जसं की पुसलं तरी पुन्हा तयार होणारी तात्पुरती साठवण, तिथे घरचा फॉरमॅट खुशाल राहू द्यावा.

आपल्या कपाटातल्या फाइलींचं काय?

सुरुवातीच्या त्या चौकटीचं उत्तर सोपं आहे. मूळ फाइल ओडीएफमध्ये ठेवा, समोरच्याला वर्डची प्रत पाठवायची असेल तर ती वेगळी काढा. तीच फाइल पुनःपुन्हा दोन फॉरमॅटमध्ये इकडून तिकडे नेली की प्रत्येक फेरीत तक्ते आणि क्रमांक थोडे हलतात.

जुन्या फाँटमधल्या फाइली मात्र लवकर हातात घ्या. मंडळाच्या स्मरणिका, ग्रंथालयाच्या याद्या, सोसायटीची जुनी इतिवृत्तं अजून तशाच पडून आहेत. ज्या फाँटमध्ये मजकूर आहे तो फाँट आधी सांभाळून ठेवा, कारण तो गेला की अक्षरांचा ठरावच गेला. त्या फाँटमध्ये एक छापील प्रत किंवा पीडीएफ काढा. मग युनिकोडमध्ये बदलणारं साधन चालवा आणि आधी मोजके शब्द तपासा. ‘किंमत’ बघा: जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर उडी मारते. ‘वर्ग’ बघा: कृतिदेवमध्ये तो ओ, एक्स, कॅपिटल झेड असा लिहिला जातो, म्हणजे रफार शेवटी, आणि युनिकोडमध्ये तो ग च्या आधी जायला हवा. ‘विद्यार्थी’ मध्ये रफार आणि दीर्घ वेलांटी एकत्र येतात, तिथे एखादं चिन्ह गळू शकतं. ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲड.’ तर हमखास चुकतात. हे पाच शब्द बरोबर आले तर छापील प्रत शेजारी ठेवून पहिली दोन पानं ओळीने वाचा, आणि सगळी फाइल तपासून होईपर्यंत जुनी प्रत, तिच्या फाँटसकट, त्याच फोल्डरमध्ये राहू द्या.